पाण्यावर चालणारा कॉम्प्युटर

गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात माझा कॉम्प्युटर दर शुक्रवारी दुपारी चार ते साडेचारच्या दरम्यान मरायचा. आधी त्याचे पंखे बोंबलायचे, मग चित्र अडखळायचं, मग पडदा काळा. आतली उष्णता एका मर्यादेपलीकडे गेली की जीव वाचवायला त्याने स्वतःहून बंद पडावं, अशी सोय त्याला बनवणाऱ्यांनी करून ठेवलेली आहे. शहाणपणाची सोय आहे, माझी तक्रार नाही. पण नेमक्या त्या वेळी खेळात मी एका पडक्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर बंदूक रोखून उभा असायचो, खाली माझा मित्र माझ्या भरवशावर दार उघडत असायचा, आणि दार उघडल्यावर त्याला कळायचं की वर कुणीच नाही.

हा मित्र पहिलीपासून दहावीपर्यंत आमच्या गोरेगावच्या (मुंबईचं नव्हे, हिंगोलीकडचं) शाळेत माझ्याच बाकावर बसला. आता तो आखातात एका गोदामात काम करतो आणि दोन वर्षांतून एकदा घरी येतो. तिकडे त्याला सुट्टी फक्त शुक्रवारी. सकाळी आठवड्याचे कपडे धुवायचे, मग जुम्म्याची नमाज, मग जेवण, आणि त्यानंतर दीड तास लॅपटॉपवर माझ्यासोबत हा खेळ. तेव्हा आमच्याकडे चार वाजलेले असतात. मी दोनदा सुचवून पाहिलं की उन्हं उतरल्यावर बसू. पण संध्याकाळी त्यांच्या खोलीत एक जण भाजी फोडणीला टाकतो, दुसरा घरी व्हिडिओ कॉल लावतो, आणि इंटरनेट धाप लागल्यासारखं चालतं. त्यामुळे वेळ चारचीच.

खेळताना आम्ही सगळं बोलायचो. फोनवर दोन पुरुष बोलायला लागले की ‘आणखी काय’ आणि ‘चाललंय’ यापुढे गाडी सरकत नाही. हातात बंदूक असली की मात्र सुचतं. पोती उचलून त्याचा उजवा खांदा दुखतो हे त्याने मला एका पुलाखाली दबा धरून बसलेलो असताना सांगितलं. माझं जुळत आलेलं लग्न मुलीकडच्यांनी मोडलं हे मी त्याला ग्रेनेड फेकता फेकता सांगितलं. तो म्हणाला, ‘फेक आधी, मग रड.’ आख्ख्या गावात एवढ्या नेमक्या शब्दांत माझं सांत्वन कुणी केलं नव्हतं.

तर मे महिन्यात सलग चौथ्या शुक्रवारी कॉम्प्युटर मेला, तेव्हा त्याने मला फोन केला. म्हणाला, ‘आमच्या खोलीत केरळची दोन पोरं आलीत. लई भारी खेळतात. तुझी मशीन नीट व्हईस्तोवर मी त्यांच्यासंग बसू का?’

विचारत होता म्हणजे ठरलेलंच होतं. मी म्हणालो, ‘बस की, मला काय करायचंय.’ आणि फोन ठेवून भिंतीकडे बघत बसलो. खरं सांगायचं तर मला मत्सर वाटला. चौतीस वर्षांच्या माणसाला शोभणार नाही इतका मत्सर. ती दोन पोरं कोण, त्यांची नावं काय, मला माहीत नव्हतं, पण माझा त्यांच्यावर राग होता. पावसाळा आला, हवा निवली, आमचा शुक्रवार पुन्हा सुरू झाला, तरी मधूनमधून तो ‘ती पोरं असं करतात’ म्हणायचा. पुढच्या मार्चपर्यंत काही केलं नाही तर तो माझ्या हातचा जाणार, हे मला स्पष्ट दिसत होतं.

माझं घर आणि दुकान एकच आहे. पुढे दुकान, मागे दोन खोल्या, वर पत्रे. ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं काम. लोक येतात, मोबाइल घरी ठेवून येतात, आणि ओटीपी विचारला की मी त्यांची गाय मागितल्यासारखे बघतात. एका माणसाला मी सकाळी अकरा ते एक त्याच्याच नावाचं स्पेलिंग विचारत होतो. दिवसभर हे सोसायचं ते शुक्रवारच्या दीड तासाच्या जोरावर. म्हणून पहिला उपाय मी गेल्या उन्हाळ्यातच करून पाहिला होता: घरातला एकमेव कूलर आईसमोरून उचलून कॉम्प्युटरसमोर लावला.

आईने अर्धा तास कळ काढली. मग पदराने वारा घेत म्हणाली, ‘त्या डब्याला गार वारा, अन् मी काय भट्टीत बसू?’

‘आई, फक्त दीड तास.’

‘एक तर त्याला त्याचा कूलर आण, न्हाई तर त्याच्याशीच लगीन लावून मोकळा हो. तसंबी दुसरं कोणी येऊन राहिलं न्हाई.’

कूलर आईकडे परत गेला. शिवाय त्या दमट वाऱ्याने कॉम्प्युटरच्या स्क्रूंना गंज चढला होता, ते वेगळंच. पण ‘त्याला त्याचा कूलर आण’ हे वाक्य डोक्यात राहिलं, आणि त्यातून वॉटर कूलिंग निघालं.

गोष्ट सोपी आहे. तापणाऱ्या चिपवर तांब्याचा पोकळ ठोकळा बसवायचा आणि त्यातून पाणी खेळवायचं. तापलेलं पाणी नळीने रेडिएटरमध्ये न्यायचं, तिथे पंख्याने निववायचं, टाकीत आणायचं आणि छोट्या पंपाने पुन्हा ठोकळ्याकडे ढकलायचं. तयार संच मिळतात, पण ते मुख्य चिपपुरते असतात, आणि माझ्याकडे खरा जाळ खेळाची चित्रं काढणाऱ्या ग्राफिक कार्डाचा होता. त्यामुळे सगळं सुटं आणून स्वतः जोडायचं ठरलं. गावातले निम्मे कॉम्प्युटर मी उघडून बंद केले असल्यामुळे हे मला जमेल याबद्दल मला काडीची शंका नव्हती. शंका नसणं हा माझा जुना आजार आहे.

दोनशे पानी वही आणली आणि जूनपासून योजना लिहायला लागलो. शिकायला होते परदेशी लोकांचे व्हिडिओ. त्यांच्या खोल्यांत इतकी थंडी की स्वेटर घालून ते कॉम्प्युटर गार करायचे. एकाने तर ‘उन्हाळ्यात खोली तीस अंशांवर जाते, तेव्हा अवघड होतं’ असं म्हटलं आणि मी वहीत त्याच्यासाठी दोन वाईट शब्द लिहिले. नळी मऊ घ्यावी की कडक, यावर माझी अकरा पानं खर्ची पडली. कडक नळी काचेसारखी दिसते, पण तापवून वाकवावी लागते. मी सरावासाठी एक प्लास्टिकची नळी गॅसवर धरली. ती वाकली, मग लोंबली, मग शेगडीवर बसली. आई शेगडी खरवडत बसली आणि मऊ नळीचा निर्णय तिथेच झाला.

दरम्यान गावात बातमी फुटली. मी एकाला सहज म्हणालो होतो की पाण्याने थंड राहणारा कॉम्प्युटर बनवतोय. ते वाक्य चौकातून फिरून दुकानात परत आलं तेव्हा त्याचं ‘पाण्यावर चालणारा कॉम्प्युटर’ झालं होतं. पीकविम्याचा फॉर्म भरायला आलेले एक गृहस्थ कागद बाजूला ठेवून म्हणाले, ‘मंग लाइट गेल्यावर बी चालंल की?’

‘लाइट लागतेच,’ मी म्हणालो.

‘मंग पाणी काहून?’

‘गार करायला.’

‘अन् लाइट?’

‘चालवायला.’

त्यांनी माझ्याकडे फार दयेने पाहिलं. ‘म्हंजे दोन्ही लागून राहिलं. मंग फायदा काय झाला?’ मी त्यांचा फॉर्म पुढे ओढला. नंतर एक निवृत्त गुरुजी मुद्दाम येऊन सांगून गेले की पाण्यावर यंत्र चालणं शास्त्राला धरून नाही आणि मी तरुणांची दिशाभूल करू नये.

या सगळ्यात एकच माणूस काही न विचारता माझ्या वहीकडे बघत होता. ते म्हणजे चाचा.

रस्त्याच्या पलीकडे चाचांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. जळालेल्या मोटरीची तार काढून नवी गुंडाळणं, बोअरमध्ये मोटर सोडणं, पाइपलाइन टाकणं ही त्यांची कामं. सेनगावपासून सिद्धेश्वरच्या कालव्यापर्यंत त्यांनी बसवलेल्या मोटरी चालू आहेत. आणि हे चाचा म्हणजे माझ्या त्याच मित्राचे वडील. मित्राने मला बजावून ठेवलं होतं: ‘अब्बाला वाटतं मी जुम्म्याला आराम करतो. बंदुका चालवतो म्हणून सांगू नको.’ त्या दोघांचं फोनवरचं बोलणं मी ऐकलेलं आहे. चाचा म्हणणार, ‘हौ. सब ठीक. खाना खाया? ले, तेरी अम्मी को दे रा हूं.’ एक मिनिट व्हायच्या आत फोन चाचींकडे. मित्र त्यांना घाबरत नाही, तेही याच्यावर रागावलेले नाहीत. त्यांना एकमेकांशी बोलायला विषय सापडत नाही, एवढंच. म्हणून मी चाचांना सांगितलं की हा कॉम्प्युटर फॉर्म लवकर भरता यावेत म्हणून आहे. मला खोटं बोलताना खूप वाईट वाटलं, पण फार वेळ नाही.

एका दुपारी चाचा चहाचा कप घेऊन आले आणि वहीतली माझी मुख्य आकृती बघू लागले. ती काढायला मला तीन आठवडे लागले होते, रंगीत पेन्सिली वापरल्या होत्या.

‘ये क्या, टाकी खाली अन् मोटर वर?’

‘टाकी खालच्या बाजूला काचेतून चांगली दिसते, चाचा.’

‘दिसायला ठेवायची का चालायला? मोटर पानी ओढत न्हाई, बेटा, मोटर पानी ढकलते. पानी तिच्या तोंडात आपोआप पडलं पायजे. न्हाई तर हवा धरंल, कोरडी फिरंल, अन् दोन मिनिटांत सुट्टी.’

मी त्यांना सांगितलं की परदेशात लोक याचा वर्षानुवर्षं अभ्यास करतात. त्यांनी मान डोलवली, कप खाली ठेवला, आणि माझी वही उचलून उलटी धरली. टाकी वर गेली, पंप तिच्या खाली आला, रेडिएटर तळाला बसला. ‘आता बराबर,’ ते म्हणाले. मी रात्रभर नव्हे, पण संध्याकाळपर्यंत ती वही सुलटी-उलटी करून बघितली. उलटीच बरोबर होती. फक्त माझी अक्षरं डोक्यावर उभी राहिली होती.

त्या दिवसापासून योजनेचा कारभार चाचांकडे गेला. ते दुकानातून ओरडून प्रश्न विचारायचे, मी काउंटरवरून उत्तर द्यायचो, आणि मध्ये रस्त्यावरची जीप हॉर्न वाजवून दोघांच्या मध्ये पडायची. एकाच बाबतीत मी जिंकलो. जोडणीच्या आट्यांवर नळकामाची पांढरी टेप गुंडाळलीच पाहिजे, असा त्यांचा हट्ट. मी म्हणालो, या जोडण्यांत रबरी वायसर असतं, टेप लावली तर उलट गळेल, आणि पान्हा तर लावायचाच नाही, हाताने आवळायचं. पान्ह्याशिवाय आवळलेल्या जोडणीवर चाचांनी आयुष्यात विश्वास ठेवला नव्हता. चार दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. पाचव्या दिवशी येऊन म्हणाले, ‘तेरा माल, तेरी मर्जी. पन गळलं तर माझं नाव सांगू नको.’

सामान डिसेंबरपासून येऊ लागलं. कुरिअर गोरेगावपर्यंत येत नाही, हिंगोलीहून आणावं लागतं. रेडिएटर मांडीवर घेऊन मी जीपमध्ये बसलो तर ड्रायव्हरने आरशातून विचारलं, ‘कोन्त्या गाडीचा?’

‘कॉम्प्युटरचा.’

त्याने गिअर बदलला. मग म्हणाला, ‘बोअरचं पानी टाकू नका बरं त्याच्यात. माझा असाच गेला. आतून पांढरा थर धरला.’

तोवर वाचलेल्या सगळ्या मजकुरात नसलेला नेमकेपणा त्या सल्ल्यात होता. आमच्या भागातलं बोअरचं पाणी जड. बादलीला, नळाला, माणसाच्या किडनीला, सगळ्याला क्षार धरतो. म्हणून मी हिंगोलीच्या बॅटरीवाल्याकडून पाच लिटरचा डिस्टिल वॉटरचा कॅन आणला, त्यावर मार्करने ‘हात लावू नये’ लिहिलं आणि स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात ठेवला. दुसरीकडे जागाच नव्हती.

जोडणी मार्चच्या पहिल्या आठवड्यात झाली. वहीप्रमाणे दोन तास लागायचे होते, चार दिवस लागले. ठोकळा बसला, नळ्या बसल्या, प्रत्येक जोडणीखाली गळती कळावी म्हणून कागदी रुमाल दाबून ठेवले. आईने मला न विचारता पंपाला हळदकुंकू लावलं. नवी मोटर बसते तेव्हा लावतातच, तिला काही वेगळं वाटलं नाही. मी ते पुसणार होतो, पण चाचा म्हणाले, ‘राहू दे, उससे गळत न्हाई.’

मग पाणी भरायची वेळ आली. मी कॅन उचलला, झाकण उघडलं, फनेल लावलं.

‘ठैर,’ चाचा म्हणाले.

नवा बोअर लागला की पाइपातून येणारं पहिलं पाणी चाचा ओंजळीत घेऊन चाखतात आणि गोड आहे की खारं ते मालकाला सांगतात. हा त्यांचा चाळीस वर्षांचा रिवाज. त्यांनी माझ्यासमोर ओंजळ धरली.

‘चाचा, हे बॅटरीचं पाणी आहे. प्यायचं नसतं.’

‘पीत न्हाई रे. डाल.’

मी घोटभर ओतलं. त्यांनी ते जिभेवर फिरवलं, दारात जाऊन थुंकले आणि परत येऊन शांतपणे म्हणाले, ‘हे तुमच्या बोअरचं हाय.’

मी हसलो. मग मला आठवलं की आपण हसतो तेव्हा सहसा चुकलेलो असतो. मी स्वतः बोट बुडवून चाखलं. मचूळ. आमच्या अंगणातल्या नळाची चव, तीस वर्षांची ओळखीची.

आई दाराशीच उभी होती, आणि तिचा चेहरा इतका निरागस होता की मला लगेच कळलं. आमच्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही. सहा शिट्ट्या झाल्या तरी दाणा वेगळा तो वेगळाच. म्हणून गावातल्या सगळ्या बायका वरणापुरतं जारचं पाणी बाजूला ठेवतात. मंगळवारी जारवाला आला नाही. आईने माझा कॅन उघडून पाहिला, पाणी स्वच्छ दिसलं.

‘वरणापुरतंच घेतलं,’ ती म्हणाली. ‘मंग बुधवारी बी घेतलं. लई मऊ शिजतंय रे त्याच्यात. एकाच शिट्टीत.’

‘आणि कॅन भरलेला कसा?’

‘रिकामा दिसला असता तर तू आरडाओरडा केला असता. म्हणून भरून ठेवला.’

मी आरडाओरडा केला. बॅटरीत टाकायचं पाणी आपण दोन दिवस जेवलो, हे मी तीन वेगवेगळ्या प्रकारे सांगितलं. मला एकदम आठवलं की मंगळवारी मी स्वतः वाटी पुढे करून दुसऱ्यांदा वरण घेतलं होतं आणि ‘आज काय केलंस ग’ म्हणून विचारलंही होतं. आईने तेव्हा ‘काही न्हाई, हिंग जास्त पडला’ म्हटलं होतं. चाचांच्या घरीही त्यातली एक वाटी गेली होती. ते विचारात पडले आणि म्हणाले, ‘मंगळवारची दाल ना? वो तो एकदम बढ़िया थी.’ आईने विजयी नजरेने माझ्याकडे बघितलं.

मी दुसऱ्या दिवशी पुन्हा हिंगोलीला गेलो आणि दोन कॅन आणले. एक कॉम्प्युटरला. दुसरा शिलकीचा; तो आईला दाखवून बजावलं की हा वरणासाठी नाही. मग जारच्या पाण्याचीही दोन भांडी भरून ठेवली, कारण बजावण्यावर माझा विश्वास उरला नव्हता. चाचांनी नवं पाणी चाखलं आणि ‘फीका’ म्हणाले. ते पास झाल्याचं लक्षण होतं. आम्ही बाकी सगळं बंद ठेवून नुसता पंप चालवला, डबा डावीकडे कलवला, उजवीकडे कलवला, बुडबुडे टाकीत चढून फुटले. एकही रुमाल ओला झाला नाही. चाचांनी सगळे रुमाल स्वतः एकेक करून दाबून पाहिले. ‘बिना टेप का,’ ते म्हणाले, आणि ही स्तुती होती की तक्रार ते मला आजवर कळलेलं नाही.

मग शुक्रवार आला. बाहेर डांबर मऊ झालं होतं. पावणेचारला मी बसलो, तर चाचा दारात. नमाज आटोपून टोपी घातलेलेच आले होते. म्हणाले, पहिल्याच दिवशी मोटरीवर लोड येणार, बेअरिंगचा आवाज ऐकला पाहिजे. त्यांनी माझ्या शेजारी स्टूल ओढलं, स्क्रूड्रायव्हरचं एक टोक पंपाला टेकवलं, दुसरं कानाला, आणि डोळे मिटले. मी हेडफोन लावायला विसरलो, आणि स्पीकरमधून मित्राचा आवाज खोलीभर आला.

‘अबे ये ना लवकर! चालू झाली का तुझी बॅटरीवाली म्हैस?’

चाचांनी डोळे उघडले. मी हेडफोनकडे हात नेला, त्यांनी माझं मनगट धरलं आणि मान हलवली. तोंडावर बोट ठेवलं. मी खेळत राहिलो. तासभर मित्र बोलला, ओरडला, मेला, हसला, एका दुकानाच्या छतावरून मला ढकलून दिलं आणि खूप वेळ हसत राहिला. चाचा ऐकत होते. स्क्रूड्रायव्हर केव्हाच त्यांच्या मांडीवर आला होता. कॉम्प्युटर चालला, एकदाही अडखळला नाही, आणि मी दहा महिन्यांच्या कष्टाचं फळ असलेला तापमानाचा आकडा बघायलाही विसरलो.

खेळ संपल्यावर मी कबुली द्यायला तोंड उघडलं, तर तेच म्हणाले, ‘उसकू बताना नक्को. मेरे सामने ऐसा हँसता नै वो.’ मग दारात थांबून विचारलं, ‘अगले जुम्मे भी चारच ना?’

पुढचे सहा शुक्रवारही ते आले. पंप तपासायला. पंपाला काहीही झालेलं नव्हतं. मला मित्राची फसवणूक केल्यासारखं वाटायचं, आणि चाचांना ‘येऊ नका’ म्हणायची हिंमतही नव्हती. शिवाय खेळ जरा बदलला होता. मित्र हसायचा भरपूर, पण पुलाखाली बसलो तरी काही सांगायचा नाही. मी विचारलं की सगळं मस्त चाललंय म्हणायचा. मला वाटलं, खरंच मस्त चाललं असेल. केरळची पोरं तर तो विसरूनच गेला होता.

आठव्या शुक्रवारी चाचा आले नाहीत. कनेरगाव नाक्याकडचा एक शेतकरी जळालेली मोटर घेऊन आला होता, पीक सुकत होतं, त्याला लगेच हवी होती. आम्ही खेळायला बसलो. पाच मिनिटांनी मित्र म्हणाला, ‘आज अब्बा न्हाई आले का?’

मी माउस बाजूला सारला. ‘तुला कधी कळलं?’

‘पहिल्याच दिवशी. तू तीनदा मेलास अन् एक शिवी न्हाई दिली. म्हटलं शेजारी कोणी तरी मोठं माणूस बसून हाय. मंग खोकल्याचा आवाज आला. तो खोकला मी न्हाई ओळखणार?’

‘मग बोलला का नाहीस?’

‘ऐकून राहिले होते ना. म्हटलं ऐकू दे. तेवढं जरा जास्तच हसून घेतलं. त्यांना वाटलं पायजे पोरगं मजेत हाय.’

मी विचारलं, ‘खांदा?’

पडद्यावर त्याने बंदुकीत गोळ्या भरल्या. मग म्हणाला, ‘तसाच हाय. डॉक्टर म्हणतो दोन महिने वजन उचलू नको. वजन न्हाई उचललं तर मी इथं करू काय?’

मला माझाच राग आला. ज्या दीड तासासाठी मी एवढा खटाटोप केला होता, त्यात त्याचं खरं बोलणं होतं, आणि ते मीच स्टूल मांडून बंद केलं होतं. मी म्हणालो, ‘हे त्यांना सांग.’

‘काय सांगू? एका मिनिटात अम्मीला देतात फोन.’

‘नाही देणार. सात आठवडे तुझ्या गप्पा ऐकायला उन्हातून येतात ते. पंपाचं काही नाही त्यात. आता लाव.’

पडद्यावर त्याचा माणूस बंदूक खाली करून उभा राहिला आणि मग दिसेनासा झाला. मी दुकानाच्या दारात आलो. रस्त्यापलीकडे चाचांच्या हातात तारेचं वेटोळं होतं. फोन वाजला, त्यांनी नाव बघितलं, घरात हाक मारायला तोंड उघडलं, आणि काहीतरी ऐकून ते तसंच मिटलं. मग वेटोळं खाली ठेवलं. मोटरवाल्या शेतकऱ्याला हाताने थांब म्हणून खूण केली आणि पाठ फिरवून आतल्या बाकावर बसले.

मी किती वेळ उभा होतो सांगता येत नाही. आई मागून येऊन म्हणाली, ‘आज खेळत न्हाईस?’ मी म्हणालो, ‘नाही.’ शेवटी तो शेतकरी उन्हाला कंटाळून रस्ता ओलांडून माझ्याकडे सावलीला आला.

‘कोणाचा फोन हाय एवढा? माझं रान सुकून राहिलं.’

‘लेकाचा,’ मी म्हणालो आणि त्याला खुर्ची दिली. ‘आज वेळ लागंल. बसा.’